वर्गातली इंग्रजी आणि पेपरातली इंग्रजी



डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले की तो पथ्यपाणी सांगणार, अशी लोकांची समजूत असते. मी आज ते सांगणार नाही. मंडळाने विषय माझ्यावर सोपवला आणि मी निवडला तो असा : आपल्या मराठी मुलांना विद्यापीठात शिकण्यापुरती इंग्रजी कशी आली, आणि कुठे अडली, त्याचा इतिहास.

बोलण्याची इंग्रजी मी बाजूला ठेवतो. तिच्या क्लासच्या पाट्या बमरोलीच्या रस्त्यावर हव्या तेवढ्या आहेत, आणि ती तीन-चार महिन्यांत बऱ्यापैकी येतेही. मला म्हणायचे आहे ती इंग्रजी वेगळी. तासभराचे व्याख्यान ऐकताना त्यातले वहीत काय उतरवायचे हे कळणे, जाड पुस्तकाची वीस पाने वाचून मुद्दा हाताला लागणे, आणि परीक्षेत विचारले तेवढेच, विचारले तसे लिहिता येणे. ही इंग्रजी दुकानात मिळत नाही. ती नसल्यामुळे हुशार मुलगा कसा पडतो हे मी पाहिले आहे. पहिल्यांदा पाहिले ते स्वतःच्या गुणपत्रिकेत.

आमचे घराणे खानदेशातले, जैन. वडील ताप्ती लाइनने सुरतेला आले आणि कापडाच्या पेढीवर वह्या लिहू लागले. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि सकाळी सामायिकाला प्राकृत, अशा चार भाषांत मी वाढलो आणि कुठेच अडखळलो नाही. पुढे बी.एच.एम.एस.ला प्रवेश मिळाला तेव्हा पाचवी भाषाही अशीच अंगवळणी पडेल असे वाटले होते. पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रात नापास झालो. विषय येत नव्हता असे मुळीच नाही. प्रश्नात 'इन्यूमरेट' लिहिले होते तिथे नुसती नावे द्यायची होती. मी एकेकाचे वर्णन करत तीन पाने भरली. 'डिस्कस' होते तिथे दोन्ही बाजू मांडून मत द्यायचे होते. तिथे मी नावांची यादी दिली. तोंडी परीक्षेला एका परीक्षकांनी माझी उत्तरे मिनिटभर ऐकली आणि म्हणाले, "तुला उत्तर येते रे, प्रश्न येत नाही." त्या वेळी राग आला होता. आज वाटते, त्या वर्षी माझे अचूक निदान एवढे एकच झाले.

त्यातून मी बाहेर कसा आलो, तेही सांगतो, कारण पुढच्या इतिहासाशी त्याचा संबंध आहे. आमच्याकडच्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांत एक पद्धत दिसते. मूळ सूत्र प्राकृतात मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात त्याचा देशी भाषेतला अर्थ. याला टबो म्हणतात. प्राकृत न शिकलेल्या माणसालाही त्या आधाराने सूत्राच्या आत शिरता यावे, ही त्यामागची सोय. हानेमानचे 'ऑर्गनॉन' आम्हाला विल्यम बोरिक यांच्या 1922 सालच्या इंग्रजी भाषांतरातून शिकावे लागे. त्यातले एकेक वाक्य म्हणजे जर्मन मालगाडी, इंजिन एका पानावर आणि गार्डाचा डबा पुढच्या पानावर. मी शिसपेन्सिल घेतली आणि त्या पुस्तकाला मराठी टबो घातला. ओळीच्या वर शब्दाचा अर्थ आणि समासात परिच्छेदाचा मुद्दा, एका मराठी वाक्यात. दोन वर्षे लागली. त्यानंतर इंग्रजी पुस्तकाची भीती गेली ती गेलीच.

जाता जाता एक गोष्ट. हानेमान स्वतः बरीच वर्षे भाषांतरांवर पोट भरत होते. 1790 साली स्कॉटलंडच्या विल्यम कलेन यांचा औषधीद्रव्यांवरचा इंग्रजी ग्रंथ जर्मनमध्ये आणताना सिंकोनाच्या सालीविषयीचे कलेन यांचे विधान त्यांना पटले नाही. त्यांनी ती साल स्वतः घेऊन पाहिली आणि आपला अनुभव तळटिपेत लिहिला. आमचे सगळे शास्त्र त्या एका तळटिपेतून निघाले. परक्या भाषेतले पुस्तक पेन्सिल हातात घेऊन वाचले, म्हणजे कुठवर जाता येते पाहा.

आता आपल्या लोकांकडे वळू. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले. मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणून आपण दर वर्षी त्याची आठवण काढतो, पण त्याचे पान कसे होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या तरुणाने एका डोळ्याने डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे वाचावे, अशी ती रचना होती. हा टबोच, फक्त छापलेला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याच्या आदल्याच वर्षी, 1831 मध्ये आला होता, आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये आला. म्हणजे विद्यापीठ निघण्यापूर्वी पंचवीस वर्षे दोन्ही काठांवर दगड रचण्याचे काम सुरू होते.

या कामातला एक मोठा माणूस आपल्या सुरतेत राहून गेला. दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे व्याकरण त्यांनी 1836 मध्ये लिहिले, आणि 1840 च्या दशकात ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकवायला आले. इथे दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी 1844 मध्ये मानवधर्म सभा काढली. गुजरातचा समाजसुधारणेचा इतिहास त्या सभेपासून सुरू होतो, आणि तिच्या मुळाशी एक मराठी मास्तर आहे, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. मला त्यांच्याविषयी वेगळ्याच कारणाने आदर वाटतो. आपल्या भाषेचे व्याकरण लिहिणारा माणूस परमुलखात इंग्रजी शिकवत होता, आणि हाच माणूस पुढे 1878 मध्ये स्वीडनबोर्गच्या तत्त्वज्ञानावर इंग्रजीत पुस्तक लिहून लंडनमध्ये छापतो. आधी आपल्या भाषेचा सांगाडा हाडाहाडासकट पाहिला होता, म्हणून परक्या भाषेचा सांगाडा त्यांना परका वाटला नसावा, असे माझे डॉक्टरी मत आहे.

तर्खडकर म्हटले की इथल्या ज्येष्ठांना भाषांतर पाठमाला आठवेल. पुष्कळांचा इथे घोटाळा होतो आणि ती पुस्तके दादोबांच्या नावावर जातात. ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. धड्यात आधी नियम, मग शब्द, मग मराठी वाक्ये इंग्रजीत करा आणि इंग्रजी वाक्ये मराठीत करा. माझ्या काकांकडे त्यांची पाने सुटलेली प्रत होती. तिच्यावर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि कारकुनीपासून वकिलीपर्यंत पोचल्या. पण एक उणीव सांगितली पाहिजे. पाठमाला वाक्यापाशी थांबते. वाक्य निर्दोष करायला ती शिकवते. दहा निर्दोष वाक्ये एकापुढे एक ठेवून एखादी गोष्ट सिद्ध कशी करायची, हे तिच्या कक्षेबाहेरचे आहे. विद्यापीठाला लागते ते नेमके हे दुसरे.

ते दुसरे आपले लोक कुठे शिकले? एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये साहित्य आणि शास्त्र यांसाठी आपली एक सभा काढली. दादाभाई नौरोजी त्या मंडळींतले. तिथे विद्यार्थी इंग्रजीत निबंध लिहून आणत, वाचून दाखवत आणि मित्रांच्या शंकांना उत्तरे देत. त्याच सभेच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, ज्ञानप्रसारक सभा, आणि इंग्रजीतून मिळालेले ज्ञान तिथे आपापल्या भाषेत सांगण्यात येई. म्हणजे रस्ता दुहेरी होता. जे इंग्रजीत वाचले ते चारचौघांत मराठीत समजावून सांगताना स्वतःला कळले आहे की नाही, याची परीक्षा आपोआप होते. माझ्या मते पाठमालेत नसलेली गोष्ट मुलांना या सभांत मिळाली.

मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 रोजी स्थापन झाले. पहिली प्रवेशपरीक्षा 1859 मध्ये झाली आणि बसलेल्यांपैकी बहुतेक नापास झाले. 1862 मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चारही नावे आपल्या माणसांची, हे ऐकून छाती फुगते, पण जरा त्यांच्या शाळांकडे पाहा. रानडे कोल्हापुरात शिकले, भांडारकर रत्नागिरीत. प्राथमिक शिक्षण मराठीत, मग इंग्रजी शाळा, मग मुंबई. रानड्यांविषयी एक हकिगत त्यांच्या चरित्रांत सांगतात. मराठ्यांचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची तुलना करणारा निबंध त्यांनी लिहिला, तो प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना रुचला नाही, आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद राहिली. शिक्षा झाली ती झाली. पण मला त्यात दिसते ते असे, की कोल्हापूरच्या शाळेतून आलेला मुलगा साहेबाच्या भाषेत, साहेबाला पटणार नाही असे काही तरी, साहेबाला खोडून काढायला जड जाईल अशा रीतीने लिहू शकत होता.

मात्र याच विद्यापीठाने 1860 च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून काढून टाकल्या. रानड्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे खटपट केली. 1901 च्या जानेवारीत ते गेले, आणि एम.ए.ला मराठी आली ती त्यानंतर. पलीकडचा काठ पक्का करताना अलीकडचा खचतो आहे, हे ज्याने स्वतः नदी पार केली होती त्याला दिसले.

डॉक्टर म्हणून एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी. पोस्टात नोकरीला असलेल्या नवऱ्याने त्यांना घरी इंग्रजी शिकवली, 1883 मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि 1886 मध्ये एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा घेतला. वर्गातल्या बाकीच्या मुलींपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे अशी वस्तू निवडली आणि ती अमेरिकेच्या चौकटीत बसवली. मला हे सुचले असते तर पहिल्या वर्षी कदाचित वाचलो असतो.

आता गुजरातकडे, आणि आपल्या खऱ्या प्रकरणाकडे.

1949 पर्यंत सुरतेच्या कॉलेजातली मुले मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. त्या वर्षी अहमदाबादेला गुजरात विद्यापीठ झाले आणि सुरत त्याच्याकडे गेली. दक्षिण गुजरातचे वेगळे विद्यापीठ निघाले ते 1965 मध्ये. गुजरात विद्यापीठाच्या कायद्यातच गुजराती आणि हिंदी यांना शिक्षणाचे आणि परीक्षेचे माध्यम म्हणून उत्तेजन द्यावे असे कलम होते, आणि इंग्रजीला सुरुवातीला दहा वर्षांची मुदत दिली होती. मगनभाई देसाई कुलगुरू असताना गुजराती माध्यमाचा आग्रह इतका वाढला, की लोक त्याला गमतीने 'मगन माध्यम' म्हणू लागले. मगनभाईंची चेष्टा करणे सोपे आहे, मी ती करणार नाही. गरीब घरच्या गुजराती मुलाला विज्ञान त्याच्या भाषेत मिळावे, ही इच्छा चांगलीच होती. पण त्या हिशेबात आपण कुठे होतो?

अहमदाबादेत कृष्ण रंगनाथ मुधोळकर नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या मुलाने 1960 च्या मार्चमध्ये एस.एस.सी. दिली. शिकला मराठीतून, पेपर मराठीतून लिहिले, परीक्षा मुंबई राज्याची. महिन्या-दीड महिन्यात, 1 मे रोजी, ते राज्यच उरले नाही. मुलगा जागच्या जागी राहिला आणि त्याच्या भोवतीचे राज्य बदलले. सेंट झेवियर्स कॉलेजात तो पहिल्या वर्षाच्या कला शाखेत इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसला आणि 1961 च्या मार्चमध्ये ते वर्ष पार करून गेला. इंटरला त्याच माध्यमाच्या वर्गासाठी अर्ज केला तेव्हा प्राचार्यांनी कळवले, की विद्यापीठाच्या नव्या नियमांप्रमाणे त्यांच्या परवानगीवाचून तुला त्या वर्गात बसवता येत नाही. वडिलांनी कुलगुरूंकडे अर्ज केला. नकार आला. मग आणखी एक पत्र आले, आणि ते मला सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलके वाटते. परीक्षा इंग्रजीतून देण्यास मुभा आहे, पण शिक्षण इंग्रजीतून घेता येणार नाही.

जरा थांबून याचा अर्थ लावू. पेपर इंग्रजीत लिही, पण इंग्रजीत कसे लिहायचे हे ज्या वर्गात कानावर पडते त्या वर्गात बसू नकोस. घरी मराठी, वर्गात गुजराती, पेपरात इंग्रजी. मी पहिल्या वर्षी इंग्रजी वर्गात बसूनही पडलो होतो. या मुलाला तर वर्गाचेच दार बंद. माध्यमाच्या वादात दोन्ही बाजूंनी भाषांची मोठमोठी नावे घेतली जात होती, आणि ऐकण्यातून लिहिणे येते ही शाळामास्तरालाही ठाऊक असलेली गोष्ट त्या पत्रात हरवली होती.

मुधोळकर उच्च न्यायालयात गेले. 1962 च्या जानेवारीत निकाल त्यांच्या बाजूने लागला. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 21 सप्टेंबर 1962 रोजी तेही अपील फेटाळण्यात आले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी लिहिला. एखाद्या भाषेला उत्तेजन देण्याचा अधिकार म्हणजे बाकीच्या भाषांना बाहेर काढून तीच एक सक्तीची करण्याचा अधिकार नव्हे, हा त्याचा गाभा. शिवाय उच्च शिक्षणाचा दर्जा राखणे हा केंद्राच्या अखत्यारीतला विषय आहे, आणि माध्यमाचा प्रश्न जिथे त्या दर्जाला जाऊन भिडतो तिथे राज्याचे हात बांधले जातात, असेही त्यात आले. न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांचे मत वेगळे पडले. विद्यापीठाला एक माध्यम ठरवता येते, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे वाचले तर तेही उडवून लावण्यासारखे नाही. राज्यघटनेच्या अभ्यासात हा खटला आजही शिकवतात. पण त्यातला वादी मराठी बाप होता आणि वाद एका मराठी मुलाच्या बाकावरून होता, हे आपल्या मंडळाच्या साठ-सत्तर वर्षांच्या गप्पांत मी एकदाही ऐकले नाही. निकाल लागला तोवर ज्या वर्षाच्या वर्गासाठी अर्ज होता ते वर्ष उलटून गेले होते.

त्यानंतर काय झाले? न्यायालयाने दार उघडले, आत गेल्यावर काय करायचे ते शिकवणे न्यायालयाचे काम नव्हे. ते कुणीच केले नाही, असे म्हणण्याइतका मी कडू झालेलो नाही, पण बमरोली-पांडेसराकडची मुले पाहतो तेव्हा तसे म्हणावेसे वाटते. ज्यांचे आईबाप लूम्सवर बारा तास उभे राहतात, अशी मुले महापालिकेच्या मराठी शाळेतून किंवा गुजराती शाळेतून वर येतात. आता तर मुधोळकरांच्या पत्राचे उलटे झाले आहे. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा तेरा भाषांत देता येते, मराठीतही आणि गुजरातीतही. मुलगा आपल्या भाषेतून पेपर देऊन आत जातो, आणि पहिल्या दिवशी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहतो तो इंग्रजी ऐकत. पूर्वी पेपर इंग्रजी आणि वर्ग देशी, आता पेपर देशी आणि वर्ग इंग्रजी. मधला पूल दोन्ही वेळा विसरला गेला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे अशी मुले डोकेदुखी आणि झोप न लागणे घेऊन येतात. मी औषध देतो. पण त्याआधी त्यांची वही मागून घेतो. वहीत फळ्यावरचे सगळे उतरवलेले असते आणि समास कोरा असतो. तो कोरा समास पाहिला की दुखणे कळते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी बी.एच.एम.एस.च्या पहिल्या वर्षाला लागली. आजोबा शिंदखेड्याहून आलेले, आईवडील इथलेच, शिक्षण गुजरातीतून. तिला मी माझे जुने 'ऑर्गनॉन' दिले, पेन्सिलीच्या टब्यासकट. पाठ सुटलेली आहे, जपून वापर, म्हटले. पंधरा दिवसांनी ती आली. इंग्रजी ओळीतला 'टोटॅलिटी ऑफ सिम्प्टम्स' तिला चांगला कळला होता, तिच्या सरांनी तो वर्गात उत्तम समजावला होता. तिने बोट ठेवले ते त्याच्या डोक्यावर मी चाळीस वर्षांपूर्वी बारीक अक्षरात लिहिलेल्या शब्दावर, आणि विचारले, "काका, हे लक्षणसमुच्चय म्हणजे काय?"

मी तिला सांगितले. तिने तो शब्द वहीत उतरवून घेतला, गुजराती लिपीत, आणि समासात.